फ्लेक्सवरचा क्यूआर उघडत नाहीये!

पत्र:
ताई, मी पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते. पथकाची वेबसाइट वर्डप्रेसवर (वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर) आहे. ज्या मुलाने ती बनवली तो नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि "तुझ्याकडे लॅपटॉप आहे ना" एवढ्या एका क्वालिफिकेशनवर ती माझ्या गळ्यात पडली. मध्यंतरी होस्टिंगची (साइटच्या फाइली ठेवायला भाड्याने घेतलेली) जागा भरल्याचा मेल आला म्हणून मी मीडिया लायब्ररीत (चढवलेल्या फाइलींच्या यादीत) 'अनअटॅच्ड' असा फिल्टर लावला आणि जे दिसलं ते सगळं सिलेक्ट करून उडवलं. जागा जेमतेम मोकळी झाली, पण नियमावलीची पीडीएफ, पालकांच्या संमतीचा फॉर्म, सरावाचं वेळापत्रक सगळं गेलं. नोंदणीच्या फ्लेक्सवर नियमावलीचा क्यूआर छापलाय, तो स्कॅन केला की 'पेज नॉट फाउंड'. त्यात नवीन फोटोही चढत नाहीयेत. आमचे पथकप्रमुख म्हणतात सगळं ड्राइव्हवर टाक आणि मोकळी हो. काय करू?
– ताशावाली, नारायण पेठ

उत्तर:
अगं ताशावाली, आधी एक काम कर. सध्या साइटवर काहीही नवीन चढवू नकोस आणि मुख्य म्हणजे आणखी काहीही डिलीट करू नकोस. जागा भरलीय म्हणून हात शिवशिवत असतील, तरी नको. आणि फ्लेक्सवाल्याला फोन करून "दादा, क्यूआर बदलून परत छापा" असंही सांगू नकोस, ते पैसे वाचतील असं मला वाटतंय.

वर्डप्रेसमध्ये पोस्ट किंवा पेज डिलीट केलं की ते ट्रॅशमध्ये जातं, तीसेक दिवस तिथे पडून असतं आणि परत आणता येतं. मीडियाचं तसं नाही. फोटो, पीडीएफ डिलीट केली की थेट गेली, मधे ट्रॅश नाही. तो एक डबा येतो ना, "हे कायमचं जाईल, परत येणार नाही" असं काहीतरी सांगणारा, तो खरंच बोलत असतो, फक्त आपण सगळेच त्याला ओके म्हणायला बसलेलो असतो. त्यामुळे साइटच्या आतून आता काही परत येणार नाही, पण साइटच्या बाहेरून येऊ शकतं.

तुझ्या होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल मॅनेजर असेल, तो उघड. तिथे 'डब्ल्यूपी-कंटेंट' नावाचं फोल्डर दिसेल, त्याच्या आत जा. बंगळूरवाल्या मुलाने बॅकअपचं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकलं असण्याची दाट शक्यता आहे, बरेच जण अपड्राफ्टप्लस टाकतात, आणि ते बॅकअप दुसरीकडे कुठे पाठवायचं सेटिंग केलेलं नसेल तर त्या सगळ्या झिप फाइली याच होस्टिंगवर 'अपड्राफ्ट' नावाच्या फोल्डरमध्ये साठत जातात. एकेक झिप शेकड्यात एमबीची. म्हणजे कसं बघ, तुझी जागा खरं तर त्या झिपांनी खाल्ली असेल आणि बिचाऱ्या नियमावलीच्या चिमूटभर पीडीएफचा बळी गेला असेल. तू एवढं सगळं उडवून जागा जेमतेम मोकळी झाली म्हणतेस, त्यावरून मला हाच संशय येतोय. पण आता त्या झिपांवर राग काढू नकोस! तू उडवलेल्या फाइली त्यांच्यातच असणार आहेत. ज्या झिपच्या नावात शेवटी 'अपलोड्स' लिहिलंय आणि तारीख तू डिलीट करण्याच्या आधीची आहे, ती लॅपटॉपवर उतरवून घे. साइट मोठी असेल तर 'अपलोड्स२', 'अपलोड्स३' असे तुकडेही असतात, तेही घे. उघडून बघ, नियमावली सापडली की निम्मं काम झालं.

झिप सापडली नाही तर होस्टिंगवाल्यांच्या सपोर्टला आजच लिही. आजच म्हणतेय कारण बरेच होस्टिंगवाले स्वतःकडचे बॅकअप थोडेच दिवस ठेवतात, नवा आला की जुना जातो, आणि तू दोन आठवडे विचार करत बसलीस तर उरलेल्या बॅकअपमध्येही तुझं डिलीट केलेलंच असेल. लिहिताना "साइट रिस्टोअर करा" असं मोघम लिहू नकोस, नाहीतर ते डेटाबेससकट (जिथे पोस्ट आणि नोंदण्या साठतात) सगळं मागच्या तारखेला नेतील आणि मधल्या काळात आलेल्या नव्या वादकांच्या नोंदण्या त्यात जातील. स्पष्ट लिही की अमुक तारखेच्या आधीच्या बॅकअपमधलं फक्त 'अपलोड्स' फोल्डर मला वेगळं काढून द्या, बाकी कशाला हात लावू नका.

आता फाइल मिळाल्यावर ती कुठे ठेवायची, हा खरा मुद्दा आहे. तुमच्या पथकाचे ढोल गोदामात असतात आणि गोदामात काय काय आहे त्याची एक वही असते, बरोबर? मीडिया लायब्ररी ही ती वही आहे. खऱ्या फाइली 'अपलोड्स' नावाच्या गोदामात असतात, तिथे वर्षाचं फोल्डर, त्याच्या आत महिन्याचं फोल्डर, त्याच्या आत फाइल. कुणी क्यूआर स्कॅन करतं तेव्हा सर्व्हर वही उघडून बघत नाही, तो थेट गोदामात त्या खणात जातो आणि फाइल असेल तर देतो, नसेल तर 'नॉट फाउंड'. म्हणून फाइल बरोबर त्याच फोल्डरमध्ये, बरोबर त्याच नावाने परत ठेवलीस की क्यूआर लगेच चालायला लागेल, वहीत तिची नोंद नसली तरीही.

बरोबर त्याच, हे दोनदा लिहायला हवं. फ्लेक्सवरचा क्यूआर स्वतःच्या फोनने स्कॅन कर, वरती पूर्ण पत्ता दिसेल. समजा त्यात २०२३ आणि मग ०७ असं आहे, तर फाइल २०२३ च्या आत ०७ मध्येच गेली पाहिजे आणि तीही फाइल मॅनेजरमधून. मीडियात जाऊन 'ॲड न्यू' केलंस तर वर्डप्रेस ती चालू महिन्याच्या फोल्डरमध्ये टाकणार, म्हणजे पत्ता बदलला, म्हणजे क्यूआर परत मेलेलाच. नावात कॅपिटल-स्मॉल सुद्धा तसंच ठेव, कारण बहुतेक होस्टिंग लिनक्सवर असतं आणि लिनक्सला मोठा 'एन' आणि छोटा 'एन' ही दोन वेगळी अक्षरं वाटतात. शेवटचं एक्स्टेन्शन (टिंबानंतरची अक्षरं) पण बघ, फोनमधून आलेले फोटो बऱ्याचदा कॅपिटलमध्ये 'जेपीजी' असतात.

झिपही नाही, होस्टिंगवाल्यांकडेही नाही, असं झालं तर? पीडीएफ तरी सापडेलच गं. पथकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर स्क्रोल कर, कुणीतरी नियमावली फॉरवर्ड केलेलीच असते, कुणाच्या तरी डाउनलोड्समध्ये ती पडलेलीच असते. ती घे, नाव क्यूआरच्या पत्त्यातल्या नावासारखं कर आणि जागेवर ठेव. फोटोंचं मात्र इतकं सोपं नाही. फोटो पोस्टमध्ये टाकताना वर्डप्रेस बहुतेक वेळा मूळ फोटो दाखवत नाही, त्याची छोटी कॉपी दाखवतं, जिच्या नावापुढे लांबी-रुंदीचे आकडे असतात. डिलीट करताना मूळ फोटोबरोबर त्या सगळ्या कॉप्याही गेल्या, त्यामुळे नुसता मूळ फोटो जागेवर ठेवून पोस्टमधला चौकोन रिकामाच राहील. त्यासाठी बॅकअपमधलं आख्खं महिन्याचं फोल्डर उचलून ठेवावं लागतं. ते नसेल तर फोटो नव्याने चढवून पोस्टमध्ये नव्याने टाकायचे, दुसरा उपाय नाही. २०१९ च्या मिरवणुकीची पोस्ट कोण बघतंय म्हणून सोडून दिलीस तरी माझी हरकत नाही.

परत ठेवलेल्या फाइली लायब्ररीतही दिसायला हव्या असतील तर मीडिया सिंक नावाचं प्लगइन आहे, ते गोदाम बघून वही भरून देतं. घाई नाही, नंतर कर.

आता त्या फिल्टरबद्दल, कारण यात तुझी अक्कल काढण्यासारखं काही नाहीये, भल्याभल्यांना ते असंच वाटतं. 'अनअटॅच्ड' म्हणजे 'कुठेच वापरलेली नाही' असं नाही. फाइल चढवताना तू एखाद्या पोस्टच्या आत होतीस का, एवढंच वर्डप्रेस लिहून ठेवतं. पोस्ट लिहिता लिहिता तिथूनच फोटो चढवला तर तो त्या पोस्टला अटॅच्ड. पण मीडियात जाऊन आधी फाइल चढवली, तिची लिंक कॉपी केली आणि मग ती मेनूत, बटणावर, फूटरमध्ये किंवा फ्लेक्सवर लावली, तर वर्डप्रेसच्या लेखी ती फाइल अनाथच. आणि पीडीएफ आपण सगळे असेच चढवतो! म्हणजे त्या फिल्टरमध्ये नेमक्या सगळ्यात जास्त वापरातल्या फाइली दिसतात. उलट बाजूनेही तेच आहे, एखाद्या पोस्टमध्ये चढवलेला फोटो नंतर तिथून काढून टाकला तरी तो अटॅच्डच दिसतो.

मग डिलीट करण्याआधी कसं तपासायचं, तर फाइलचं नाव कॉपी करून पेजेस आणि पोस्ट्सच्या सर्चमध्ये टाकायचं, मजकुरात कुठे लिंक असेल तर ते पेज सापडतं. मेनू आणि विजेट्स वेगळे बघायचे, ते त्या सर्चमध्ये येत नाहीत. आणि साइटच्या बाहेर कुठे कुठे लिंक गेलीय, फ्लेक्स, इन्स्टाचा बायो, ग्रुपवरचा पिन केलेला मेसेज, हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगू शकत नाही, ते तुलाच माहीत. माझं सरळ मत विचारशील तर पीडीएफ कधीच डिलीट करू नये. दोनशे केबीची फाइल हटवून कुणाच्या होस्टिंगला श्वास घ्यायला जागा मिळत नाही. अपवाद एकच, त्याच्याकडे येते.

जागा खातात ते फोटो. आत्ताच्या फोनचा साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो घे, ४००० बाय ३००० पिक्सेल, साधारण चार-पाच एमबी. तो तू जसाच्या तसा चढवलास की वर्डप्रेस त्याचं काय करतं बघ. २०१९ साली आलेल्या ५.३ व्हर्जनपासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो आला की ते त्याची २५६० ची कॉपी बनवून नावाला 'स्केल्ड' जोडतं, आणि मूळ फोटोही तसाच ठेवतं. मग १५० बाय १५० चा छोटा चौकोन, मग ३००, ७६८, १०२४, १५३६ आणि २०४८ च्या कॉप्या. म्हणजे तुला लायब्ररीत एक फोटो दिसतो आणि गोदामात आठ फाइली असतात, थीमने (साइटचं रूप ठरवते ती) स्वतःचे साइज जोडले असतील तर अजून जास्त. आता विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडपासून अलका टॉकीज चौकापर्यंत तुमच्या पोरांनी काढलेले फोटो मोज. त्यातले निम्मे तर एकाच ध्वजाचे, एकाच पोजमधले, एका सेकंदाच्या अंतराने काढलेले. ते सगळे चढवायचा मोह होतो, मला कळतंय, प्रत्येकाला स्वतःचा फोटो हवा असतो, नाही टाकला तर ग्रुपवर रुसवे सुरू.

इथे तुमचे पथकप्रमुख अर्धे बरोबर आहेत. सगळ्यांचे सगळे फोटो ड्राइव्हवर किंवा गूगल फोटोजच्या अल्बममध्ये टाका, साइटवर फक्त निवडक वीस-पंचवीस, आणि खाली अल्बमची लिंक. फुकटचे १५ जीबी मात्र जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून असतात, ते कुणाच्या वैयक्तिक अकाउंटवर टाकलेत तर त्याची मेलची जागा भरून तो ओरडणार. पथकाच्या नावाचं वेगळं अकाउंट काढा. निवडक फोटो चढवण्याआधी लांब बाजू १६०० ते २००० पिक्सेल आणि क्वालिटी ८० च्या आसपास करून घे, तोच पाच एमबीचा फोटो साधारण अर्ध्या एमबीच्या आत बसतो आणि स्क्रीनवर डोळ्याला फरक कळत नाही. एखाददुसऱ्या फोटोसाठी ब्राउझरमध्येच चालणारं स्क्वूश आहे, पन्नास फोटो एकदम करायचे तर विंडोजवर इरफानव्ह्यू फुकट मिळतं. व्हिडिओ साइटवर बिलकुल नको. यूट्यूबवर टाक आणि लिंक पेजमध्ये पेस्ट कर, वर्डप्रेस आपोआप प्लेअर दाखवतं.

व्हॉट्सॲपवरून फोटो मागवतेस का? मग ते आधीच दाबून छोटे झालेले असतात, साइटच्या मोठ्या बॅनरला फुटतात. बॅनरसाठी हवा असेल तर पाठवणाऱ्याला सांग की फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव.

नवीन फोटो चढत नाहीयेत याचं पहिलं कारण जागा भरलेली असणं हेच असेल, ती मोकळी झाली की बघ. (झिपा लॅपटॉपवर सुखरूप उतरवल्या, उघडून तपासल्या की मग होस्टिंगवरच्या जुन्या झिपा उडव, शेवटची एक-दोन ठेव, आणि प्लगइनच्या सेटिंगमध्ये बॅकअप ड्राइव्हवर जाईल असं कर. पथकप्रमुखांचं ड्राइव्ह इथे खरं कामाला येईल.) तरीही चढत नसतील तर एरर नीट वाच. "फाइल फार मोठी आहे" अशा अर्थाचं काही असेल तर सर्व्हरवरची मर्यादा आडवी येतेय. पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची, मूळची मर्यादा एका फाइलला फक्त २ एमबी असते, होस्टिंगवाले ती वाढवून ठेवतात, पण किती ते प्रत्येकाचं वेगळं. मीडियाच्या 'ॲड न्यू' पानावर खालीच जास्तीत जास्त साइज लिहिलेला असतो, तो वाचायचे कष्ट कुणी घेत नाही. आणि "या प्रकारची फाइल चालत नाही" असं असेल तर कुणाकडे तरी आयफोन आहे! आयफोन २०१७ पासून फोटो हेइक नावाच्या फॉरमॅटमध्ये ठेवतो. वर्डप्रेसचं ६.७ व्हर्जन, म्हणजे नोव्हेंबर २०२४ चं, ते असे फोटो आपोआप जेपीईजी करून घेतं, पण सर्व्हरवर तशी सोय असेल तरच. सोपा मार्ग म्हणजे आयफोनवाल्याला सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' करायला सांग. पथकाचा लोगो एसव्हीजीमध्ये (चित्राचा एक फॉरमॅट) असेल तर तोही वर्डप्रेस मुळात घेत नाही, कारण त्या फाइलच्या आत कोड लपवता येतो. पीएनजी करून टाक, त्यासाठी कुठलं तरी प्लगइन शोधत बसू नकोस.

आता वेळापत्रक. हे पीडीएफ का आहे, मला सांगशील? नदीपात्रातला सराव, पाऊस आला, खडकवासल्यातून पाणी सोडलं की जागा बदलणार, वेळ बदलणार, दर आठवड्याला नवीन पीडीएफ, आणि नाव काय तर 'वेळापत्रक फायनल', मग 'फायनल नवीन', मग 'फायनल नवीन हेच बघा'. तेच नाव परत दिलंस तर वर्डप्रेस मागे एक, दोन असे आकडे लावतं आणि जुनी फाइल तशीच राहते, म्हणजे कुणीतरी जुन्या लिंकवरून जुनी वेळ बघून म्हात्रे पुलाखाली एकटाच ताशा गळ्यात अडकवून उभा. वेळापत्रकाचं सरळ एक पेज कर, मजकूर टाइप कर, वर 'शेवटचा बदल' म्हणून तारीख टाक. फोनवर झूम न करता वाचता येतं, बदल करायला दोन मिनिटं लागतात आणि पत्ता कधीच बदलत नाही.

नियमावलीचंही पेजच करावं असं माझं म्हणणं आहे, पीडीएफ हवी त्याच्यासाठी त्याच पेजवर खाली लिंक दे. तुमची नियमावली कुठल्यातरी डीटीपीवाल्याने जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर पीडीएफमधून कॉपी केल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा पेस्ट होईल. तेव्हा पूर्ण परत टाइप करायला बसू नकोस. पीडीएफ गूगल ड्राइव्हवर टाक, 'ओपन विथ गूगल डॉक्स' कर, ते बऱ्याचदा पानाचं चित्र वाचून मराठी मजकूर काढून देतं. कुठे रफार उडेल, कुठे जोडाक्षर फुटेल, एकदा डोळ्याखालून घाल म्हणजे झालं. दरवर्षी नियम बदलतात तेव्हा पीडीएफ डिलीट करून नवी चढवायची नाही, एनेबल मीडिया रिप्लेस नावाचं प्लगइन घे, त्यात नाव तेच ठेवून नुसती फाइल बदलायचा पर्याय आहे. बदलल्यावर तुला स्वतःला जुनीच फाइल दिसेल आणि तू परत घाबरशील, तर तसं नाही, ती ब्राउझरच्या कॅशेमधली, म्हणजे त्याने साठवून ठेवलेली जुनी कॉपी आहे. इन्कॉग्निटोमध्ये उघडून बघ. कॅशेचं प्लगइन असेल तर तेही एकदा रिकामं कर.

आणि पुढच्या वर्षी फ्लेक्स छापाल तेव्हा क्यूआर फाइलचा नको, पेजचा द्या. फाइलच्या पत्त्यात वर्ष-महिना असतो, तो तुझ्या हातात राहत नाही. पेजचा पत्ता तू ठरवतेस, उद्या आतलं सगळं बदललं तरी फ्लेक्स खोटा पडत नाही. जुन्या फाइलचा पत्ता अगदीच वाचवता आला नाही तर रिडायरेक्शन नावाचं प्लगइन आहे, त्यात 'या पत्त्यावर आलेल्याला तिकडे पाठव' असं लिहून ठेवता येतं. ते यंदाच्या फ्लेक्ससाठीही तुझा शेवटचा पर्याय समज.

फाइलची नावं इंग्रजी अक्षरात, स्मॉलमध्ये, मधे स्पेस न देता आडवी रेघ (हायफन) देऊन ठेव. मराठी नाव दिलं म्हणून काही पाप लागत नाही, चालतं ते, पण लिंक कॉपी केली की देवनागरीच्या प्रत्येक अक्षर-मात्रेचं 'टक्का-ई-शून्य-टक्का-ए-चार' असं काहीतरी सुरू होणारं नऊ अक्षरी शेपूट होतं. नुसत्या 'नियमावली' या शब्दाची ७२ अक्षरं! ग्रुपवर ती लिंक टाकलीस की पालकांना वाटतं व्हायरस आला.

आता मघाशी म्हटलं तो अपवाद. संमतीचा फॉर्म म्हणालीस, तो कोरा फॉर्म ना? पालकांनी भरलेले फॉर्म, फोटो, आधारची झेरॉक्स हे सगळं कुठे जातं ते आजच बघ. साइटवरच्या नोंदणी फॉर्मला फाइल जोडायची सोय असेल तर कित्येक प्लगइन त्या फाइली त्याच 'अपलोड्स'मध्ये कुठेतरी ठेवतात, आणि त्या गोदामाला कुलूप नसतं. पेज प्रायव्हेट केलं, त्याला पासवर्ड लावला, अगदी ड्राफ्टमध्ये ठेवलं, तरी त्यातल्या फाइलचा थेट पत्ता ज्याला माहीत आहे त्याला ती उघडते, पासवर्ड पेजला असतो, फाइलला नाही. कुठे लिंक असेल तर गूगलसुद्धा ती उचलतं. वादकांची नावं, मोबाइल, रक्तगट असलेली एक्सेल शीट कुणी 'सगळ्यांना बघता यावी' म्हणून चढवली असेल, तर ती आणि भरलेले फॉर्म हे डिलीट करायचं, आणि हे करताना मला विचारू नकोस. आधी लॅपटॉपवर उतरवून घे तेवढं. गूगलमध्ये आलं असेल तर सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या टूलमध्ये रिमूव्हल्स म्हणून सोय आहे, ती साधारण सहा महिने लिंक लपवते, तेवढ्यात फाइल गेलेली असली की झालं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरतो आणि तुमच्याकडे अकरावी-बारावीची पोरं असणारच, म्हणजे त्यांची माहिती मुलांची माहिती म्हणूनच जपायची. आधार मागायची खरंच गरज आहे का, हेही एकदा पथकप्रमुखांना विचार. वय बघायचं असेल तर सरावाला आल्यावर कार्ड दाखव म्हणावं, कॉपी कशाला ठेवायची?

राहिलं ड्राइव्हचं. फोटो आणि बॅकअप ड्राइव्हवर, हो. नियमावली, कोरे फॉर्म, वेळापत्रक तिथे नको. ड्राइव्हवरची फाइल कुणाच्या तरी अकाउंटची असते, तो माणूस पथक सोडून गेला, त्याने साफसफाई केली की लिंक गेली, आणि तोवरही निम्म्या पालकांना 'रिक्वेस्ट ॲक्सेस' दिसणार आणि ते रात्री अकरा वाजता तुला फोन करणार. प्रमुखांना हे असं सांग, "दादा, फोटो तुमच्या म्हणण्याप्रमाणे ड्राइव्हवर टाकले, बाकीचं साइटवर ठेवते." त्यांचं ऐकल्यासारखंही होतं.

आणि मदतीला कुणी ज्युनिअर घेतलास तर त्याला ॲडमिन करू नकोस, ऑथर कर. ऑथरला स्वतःच्या फाइली चढवता-काढता येतात, दुसऱ्याच्या उडवता येत नाहीत. कॉन्ट्रिब्युटर केलंस तर त्याला मुळात फाइलच चढवता येणार नाही आणि मग तोच तुला "ताई, बटणच नाहीये" म्हणून छळेल. बंगळूरच्या मुलाला एक मेसेज टाकून विचार की डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग कुणाच्या नावावर आहे आणि रिन्यूअलचं पेमेंट कुणाच्या कार्डावरून जातं. ते त्याच्या जुन्या ईमेलवर असेल तर सराव रंगात यायच्या आधी पथकाच्या नावावर करून घे. होस्टिंगवाले काय म्हणाले ते कळव, आणि त्यांना लिहिताना डिलीट केल्याची तारीख आणि अंदाजे वेळ टाकायला विसरू नकोस, पहिला प्रश्न ते तोच विचारतील.